ताट गरम आहे

युमा गावात, टायरच्या दुकानाला खेटून
डॉन चेमाचं हॉटेल होतं. अकरा टेबलं.
बारावं मोजायचं नाही, ते माझं:
बर्फाच्या मशीनशेजारी, एक पाय आखूड,
त्याखाली घडी घातलेला जुना मेन्यू.
तिथे बसून मी भागाकार शिकलो.
दर वीस मिनिटांनी मशीन
आतल्या आत बादलीभर बर्फ ओकायचं
आणि माझी बाकी चुकायची.

आई तिथे वाढायची.
नाव नीवेस, म्हणजे हिम,
आणि गाव असं की मार्चमध्ये डांबर बुटाला चिकटतं.
कोपरापर्यंत फडकं गुंडाळून
एका हातावर तीन ताटं आणायची ती,
चीज अजून बुडबुडत असलेली,
आणि ठेवताना दर वेळी म्हणायची,
ताट गरम आहे हं, हात लावू नका.

लोक हात लावायचे.

लेट्यूसच्या शेतावरून थेट आलेले,
ज्यांच्या बोटांना इतके घट्टे
की चटका आत पोचायला वेळ लागायचा.
सरहद्दीवर गस्त घालणारे दोघे,
टोप्या बाकावर उताण्या ठेवून.
थंडी चुकवायला कॅनडाहून आलेल्या बाया,
साल्सा आधी हुंगून बघणाऱ्या.
पाद्रीसुद्धा.
बोट जायचं, मग स्स,
मग आईकडे असं बघणं
जणू तिनं सांगितलंच नव्हतं.

मी वहीच्या मागच्या पानावर मोजू लागलो.
एका शुक्रवारी एक्केचाळीस ताटं, अडतीस बोटं.
उरलेले तिघे:
एक आंधळे आजोबा, त्यांना वाफेवरूनच कळलं,
एक मुलगी, फोन कानाला लावून रडत होती,
आणि मिस्टर टटल.

टटल ट्रक चालवायचा.
महिन्यातून दोनदा त्याचा वाढदिवस असायचा.
वाढदिवस म्हटलं की डॉन चेमा
भिंतीवरची मोठी टोपी काढून डोक्यावर चढवणार
(शंभर डोक्यांच्या तेलाचा वास तिला),
रेफुहियो पातेल्यावर झारा बडवत
स्वयंपाकघरातून बाहेर येणार,
आणि वर फ्लान फुकट.
आई म्हणायची, यंदा तुम्ही नऊ वर्षांनी म्हातारे झालात.
तो म्हणायचा, रस्त्यावर दिवस भराभर जातात, बाई.
ताटाला मात्र तो कधी हात लावत नसे.
मांडीवर दोन्ही हात, वाफ विरेपर्यंत.
मी एकदा विचारलंच.
सांगितलंय ना तिनं, तो म्हणाला. मग?

फेब्रुवारीत एका मंगळवारी तो आला
आणि वाढदिवस आहे म्हणाला नाही.
एन्चिलाडा मागवल्या.
आईनं ताट ठेवलं, तिचं वाक्य म्हटलं,
आणि टटलनं हात ठेवला.
बोट नाही. अख्खा तळवा.
ठेवला आणि ठेवूनच दिला.

आईनं उरलेली दोन ताटं
माझ्या भागाकारावर टेकवली,
त्याचं मनगट धरून हात उचलला,
आणि माझ्या मशीनमधला बर्फ ग्लासात भरून
त्यात तो बुडवून धरला.
दोघंही काही बोलले नाहीत.
पाच नंबरवाले बिलासाठी हात वर करून बसले होते.
नंतर तिनं फ्लान आणलं.
टोपी नाही, झारा नाही.
त्यानं ते डाव्या हातानं खाल्लं, सगळं,
बशीतला पाक चमच्यानं निपटून.

ती रेघ कुठे मारायची मला कळलं नाही.
वहीच्या त्या पानावर आजही तेलाचे दोन गोल आहेत,
त्यांच्यामध्ये जागा कोरी.

टटल पुन्हा आला की नाही
हे मला आठवायला हवं होतं.

परवा आई आमच्याकडे जेवायला आली.
गुडघ्यांमुळे बसूनच वाढते आता.
ताटं नुकतीच धुतलेली, ओली,
त्यात काकडी, लिंबू, थोडं मीठ.
माझ्या मुलीपुढे सरकवताना तिच्या तोंडून गेलं,
ताट गरम आहे हं.

इत्झेलनं लगेच बोट लावलं.
गार आहे, ती म्हणाली,
कुणीतरी फसवल्यासारखी.